दोन सारख्यांतून एक



चांगल्या आणि वाईट मालातून निवड करणे व्यापाऱ्याला कधी जड जात नाही. त्याची खरी कसोटी लागते ती दोन सारख्या दिसणाऱ्या मालांतून एक घेताना. आमच्या आर्वीच्या बाजारात हंगामाच्या दिवसांत कापसाच्या गाड्या लागू लागल्या की हे दृश्य नित्याचे असते. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्या, दोन्हींतला कापूस वरून सारखाच पांढरा, मागितलेला भावही सारखाच. नवशिका माणूस वरचा कापूस पाहून बोली लावतो. जाणता व्यापारी मात्र कोपरापर्यंत हात आत घालतो, मूठ दाबून ओलावा अजमावतो, कवडी आणि पालापाचोळा किती आहे ते पाहतो आणि चिमूटभर रुई सरकीपासून सोडवून दोन्ही हातांच्या बोटांत ओढून धाग्याची लांबी जोखतो. फरक असतो तो आत असतो.

हे सारे मला आयुष्यभराच्या सवयीने येते. तरीही २०२५ च्या जून महिन्यात वर्ध्याच्या एका दुकानात दोन लॅपटॉपसमोर उभा राहिलो, तेव्हा मी त्या नवशिक्यासारखाच वागलो. त्या दिवशी जे शिकलो ते या सदरात सांगावे असे वाटते. कारण बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून हाच प्रश्न उभा राहतो.

माझी नात बारावी वाणिज्य उत्तीर्ण झाली आणि सनदी लेखापाल होण्याचा निश्चय करून नागपूरला निघाली. आर्वीहून नागपूर शंभर किलोमीटरच्या पुढे. रोजचे जाणे-येणे शक्य नाही, म्हणून वसतिगृहात राहणे आले. आधी फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, त्यानंतर दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि शेवटी फायनल, असा तो मार्ग आहे. सर्व टप्पे पहिल्याच प्रयत्नात पार पडले तरी साडेतीन-चार वर्षे सहज जातात. तेवढा काळ साथ देईल असा लॅपटॉप तिच्यासाठी घ्यायचा होता.

नेमक्या त्याच वेळी आमच्या अडत दुकानातील संगणकाचा प्रश्न निघाला. त्यावर विंडोज १० होते आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्या प्रणालीचा नियमित आधार थांबवणार असल्याचे जाहीर झाले होते. संगणक बंद पडणार नव्हता. पण सुरक्षेच्या सुधारणा येणे थांबणार, आणि ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार व जीएसटीची विवरणपत्रे चालतात ते तसे उघडे ठेवणे शहाणपणाचे नव्हते.

चिरंजीवांनी त्यावर तोडगा काढला. ते म्हणाले, “दोन यंत्रे कशाला? एकच चांगला लॅपटॉप फर्मच्या नावावर घेऊ. ती नागपुरातूनच आपली टॅली पाहील, विवरणपत्रेही भरील. शिकणेही होईल आणि कामही.” मला तो विचार पसंत पडला. नात त्या वेळी काही बोलली नाही. तिने एका कागदावर काहीतरी लिहायला घेतले होते.

दुकानदाराने आमच्यापुढे दोन लॅपटॉप ठेवले. कंपनी एक, झाकणाचा रंग एक, पडदा दोन्हींचा १५.६ इंचांचा. दोन्हींवर कोअर आय-५ असे एकसारखे चिकटवलेले. रॅम दोन्हींत ८ जीबी, साठवणीची एसएसडी दोन्हींत ५१२ जीबी, बॅटरीही सारख्याच क्षमतेची. पहिला ५८ हजारांचा, दुसरा ६२ हजारांचा. चार हजारांचा फरक कशाचा ते दुकानातील मुलालाही नीट सांगता येईना. तो एवढेच म्हणाला, “शेठजी, दुसरा जरा पॉवरफुल आहे.”

मी चष्मा लावून खोक्यांवरची बारीक अक्षरे वाचली. पहिल्याचा प्रोसेसर १३३५-यू, त्याला १० कोअर. दुसऱ्याचा १३४२०-एच, त्याला ८ कोअर. मी तत्काळ निवाडा दिला: ज्याला कोअर जास्त आणि किंमत कमी, तो घ्यावा. दहा हे आठांहून अधिक, एवढे गणित मला येत होते.

नातीने माझे म्हणणे ऐकून घेतले आणि मग शांतपणे समजावले. पहिल्यातील दहांपैकी मोठे कोअर दोनच आहेत, बाकी आठ लहान आहेत. दुसऱ्यात मोठे चार आणि लहान चार. मोठा कोअर एकाच वेळी दोन कामांचे धागे हाताळतो, लहान कोअर एक. म्हणजे पहिल्यात दोन दुणे चार आणि आठ मिळून बारा. दुसऱ्यात चार दुणे आठ आणि चार मिळून बाराच. “आजोबा, तुमच्याकडे एका टोळीत दोन तगडे हमाल आणि आठ नवखी पोरे असली, आणि दुसऱ्या टोळीत चार तगडे आणि चार नवखे असले, तर कापसाच्या गाठी उचलायला तुम्ही कोणती टोळी बोलवाल?” मी निरुत्तर झालो. मोजदाद नुसत्या डोक्यांची करायची नसते, हे माझ्याच धंद्यातले तत्त्व तिने मला परत दिले होते.

पण याचा अर्थ दुसरा सर्वार्थाने सरस असाही नव्हता, हे तिनेच पुढे सांगितले. नावाच्या शेवटी असलेले अक्षर यंत्राची भूक सांगते. यू अक्षराच्या त्या प्रोसेसरची आधारभूत शक्ती १५ वॅटची, एच अक्षराच्या त्या प्रोसेसरची ४५ वॅटची. प्रत्यक्षात दोन्ही कामाप्रमाणे कमीजास्त वीज घेतात; तरी भूक अधिक त्याची उष्णता अधिक, पंख्याचा आवाज अधिक, आणि बॅटरी सारखी असेल तर ती लवकर उतरणार. कंपनीने जाहिरातीत लिहिलेले बॅटरीचे तास पडद्याचा प्रकाश मंद ठेवून मोजलेले असतात. त्यांवर विसंबू नये. बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये दिलेली असते, ती पाहावी आणि तिला ओढणारा प्रोसेसर कोणता ते पाहावे.

ही गोष्ट आपल्या भागात लहान नाही. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात मात्र वापरण्याचे कमाल तापमान बहुधा ३५ अंश सेल्सिअस छापलेले असते. त्यात आमचे दुकान कापसाचे. सरकी-रुईचे बारीक तंतू हवेत उडत असतात. ते यंत्राच्या जाळीत जाऊन बसले की पंख्याची हवा कोंडते आणि आधीच तापलेले यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी मंद चालू लागते. म्हणून यंत्र अडत दुकानात किंवा जिनिंगच्या आवारात राहणार असेल, तर कमी भुकेचा यू प्रोसेसर हाच समजूतदारपणाचा सौदा ठरतो. हिशेबाच्या कामाला त्याची ताकद भरपूर होते.

इथे आम्ही अडलो. चिरंजीव दुकानाकडे पाहून पहिला म्हणत होते, मी नव्या ज्ञानाच्या उत्साहात दुसऱ्याकडे झुकलो होतो. तेव्हा नातीने तिचा कागद पुढे केला. त्यावर तिने दोन रकाने आखले होते. डाव्या रकान्याचे शीर्षक होते “पुढे बदलता येईल”, उजव्याचे “पुढे बदलता येणार नाही”.

मला त्या क्षणी आमची जुनी पुलगावची गाडी आठवली. माझ्या वयाच्या आर्वीकरांना ती विसरता येणार नाही. पुलगाव ते आर्वी हा ३५ किलोमीटरचा अरुंद मार्ग पहिल्या महायुद्धाच्या काळात कापसाच्या वाहतुकीवर नजर ठेवून बांधला गेला. रुळांतले अंतर २ फूट ६ इंच. पुलगावला मुंबई-नागपूरचा मोठा मार्ग, त्याचे अंतर ५ फूट ६ इंच. अरुंद मार्ग स्वस्तात झाला, त्या काळी तो आर्वीला वरदानच होता. पण आर्वीची गाडी पुलगावच्या पुढे जाऊ शकत नव्हती. माणसांना उतरून गाडी बदलावी लागे आणि मालही एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. इंजिन बदलता येते, डबे वाढवता येतात, वेळापत्रक सुधारता येते. रुळांची रुंदी मात्र एकदा ठरली की ठरली. ती बदलायची म्हणजे मार्ग नव्याने बांधणे आले. पुढे ती गाडीच बंद पडली आणि आज आर्वी रेल्वेवाचून आहे.

खरेदीचेही असेच आहे. दोन सारख्या वस्तूंमध्ये दहा फरक असतील, तर दहाही सारख्या वजनाचे मानण्याचे कारण नाही. जे पुढे थोड्या पैशांत सुधारता येतील ते बाजूला काढावेत आणि जे रुळांच्या रुंदीसारखे कायमचे आहेत त्यांच्यावरच निवाडा करावा. नातीच्या कागदावर नेमके हेच होते.

बदलता येणाऱ्या गोष्टींत तिने लिहिले होते: माऊस, पिशवी, बाहेरून जोडायचा कळफलक, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडीसुद्धा, कारण ती छोट्या पट्टीसारखी खाचेत बसवलेली असते आणि मोठी आणून बसवता येते. न बदलता येणाऱ्यांत होते: प्रोसेसर, कारण तो मुख्य पाटीवर कायमचा जोडलेला असतो, पडदा, कारण तो बदलण्याचा खर्च परवडत नाही, कळफलकावर उजवीकडे आकड्यांची वेगळी पट्टी आहे की नाही, जी लेखापालाला रोज लागते, आणि जोडण्यांच्या खाचा किती व कोणत्या. रॅमपुढे मात्र तिने प्रश्नचिन्ह काढले होते.

त्या प्रश्नचिन्हाचे उत्तर दुकानात कोणाकडे नव्हते. तिने मोबाइलवर कंपनीच्या संकेतस्थळावरून दोन्ही यंत्रांची संपूर्ण माहितीपत्रके काढली आणि ती तिथेच उभ्याने वाचली. पहिल्या लॅपटॉपची ८ जीबी रॅम मुख्य पाटीवर झाळून टाकलेली होती आणि वाढवण्यासाठी एकही खाच नव्हती. दुसऱ्याची ८ जीबी रॅम एका खाचेत बसवलेली होती आणि दुसरी खाच रिकामी होती. खोक्यांवर मात्र दोन्हीकडे एवढेच छापलेले होते: ८ जीबी रॅम.

चार हजारांचा फरक एकट्या प्रोसेसरचा नव्हता. या रिकाम्या खाचेचाही होता. एकाच वेळी ऑनलाइन वर्ग, मोठी एक्सेलची पाने, टॅली आणि अभ्यासक्रमाच्या जाडजूड पीडीएफ उघड्या ठेवणाऱ्या विद्यार्थिनीला ८ जीबी आज कशीबशी पुरेल, चार वर्षांनी पुरणार नाही. पहिला लॅपटॉप १६ जीबी जोडलेल्या स्वरूपात मिळता, तर तो तिच्यासाठीही विचार करण्याजोगा होता आणि उन्हाळ्यात अधिक सुखाचाही ठरता. पण समोर होता तो आठचा, आणि तो आठचाच राहणार होता. तिचा निवाडा झाला. दुसरा घ्यायचा, मात्र हा लॅपटॉप दुकानात राहणार नाही, कारण दुकानाची हवा त्याला मानवणार नाही.

सूनबाईंनी एक प्रश्न विचारला, जो आम्हा पुरुषांना सुचला नव्हता. “बिघडला तर दुरुस्तीला माणूस येणार, की आपण घेऊन जायचे?” हमीपत्र दोन्हींचे एक वर्षाचे, पण एका प्रकारात तंत्रज्ञ घरी येतो, दुसऱ्यात यंत्र सेवाकेंद्रात पोहोचवावे लागते. आर्वीसारख्या गावात राहणाऱ्याला हा फरक लहान नाही. सुदैवाने दुसऱ्या लॅपटॉपची हमी घरपोच सेवेची होती आणि त्यात नागपूर होते. सूनबाईंनी आणखी एक गोष्ट लिहून घेतली: रॅमची पट्टी बाहेरून आणून बसवली तर हमी अबाधित राहते का. हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. तोंडी उत्तरावर राहू नये.

व्यवहार ठरला आणि दुकानदाराने नेहमीच्या सवयीने विचारले, “बिल फर्मच्या नावावर करू ना? जीएसटी नंबर द्या.”

वाचकहो, इथे मी प्रामाणिकपणे सांगतो: माझा हात खिशातील कार्डाकडे गेला होता. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे. ६२ हजारांच्या बिलात कराचा भाग सुमारे ९,४५७ रुपये होतो. फर्मच्या नावावर बिल घेतले की तेवढ्या रकमेचे इनपुट क्रेडिट मिळते. आम्ही तासभर ज्या चार हजारांसाठी डोके खाजवत होतो, त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम एका क्रमांकाने सुटत होती. चिरंजीवांनीही मान हलवली.

नातीने विचारले, “आजोबा, हा दुकानात राहणार आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. “पण तू त्यावर आपली विवरणपत्रे भरशीलच ना.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पप्पांनी म्हटले तेव्हा मी बोलले नाही. पण मी तिकडे परीक्षेसाठी चालले आहे. दर महिन्याला दुकानाचे काम अंगावर घेतले तर अभ्यास कधी करणार? आणि ते करायचे नसेल, तर हा लॅपटॉप फर्मचा कसा? उद्या मी दुसऱ्याच्या वह्या तपासायला बसेन, तेव्हा असेच बिल समोर आले तर मी काय लिहू?”

दुकानात क्षणभर कोणी बोलले नाही. इनपुट क्रेडिट व्यवसायाच्या कामासाठी घेतलेल्या वस्तूवर मिळते. घरगुती वापराच्या वस्तूवर मिळत नाही. एखादी वस्तू अंशतः व्यवसायासाठी वापरली जात असेल, तर क्रेडिटही तेवढ्याच भागापुरते. हा नियम मला ठाऊक नव्हता असे नाही. आपल्यापैकी कोणालाच तो ठाऊक नसतो असे नाही. पण “सगळेच करतात” या शब्दांची धूळ त्यावर इतकी बसलेली असते की तो दिसेनासा होतो.

तिच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या आणि मला दुसरी उशिरा उमगली. ती केवळ कराविषयी बोलत नव्हती. “एकच यंत्र घेऊ, तिकडून ती कामही करील,” असे आम्ही ठरवले, तेव्हा आम्ही तिच्या चार वर्षांतला काही भाग न विचारता दुकानाच्या खात्यावर जमा करून टाकला होता. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला असता तर आम्ही त्याला दर महिन्याच्या विवरणपत्राला जुंपले असते का, हा प्रश्न त्या रात्री सूनबाईंनी विचारला. मला त्याचे उत्तर देता आले नाही.

बिल नातीच्या नावावर झाले. फर्मच्या खात्यातून गेलेली रक्कम मी त्याच संध्याकाळी वहीत माझ्या उचल खात्यावर टाकली. ती नोंद स्वतःच्या हाताने केली.

आता राहिला दुकानाचा संगणक. तो २०१९ साली घेतला होता. त्याचे पोट उघडून पाहिले तेव्हा त्यात आठव्या पिढीचा प्रोसेसर निघाला. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ चालते. ज्याच्याकडे अधिकृत विंडोज १० आहे आणि ज्याचे यंत्र अटींत बसते, त्याला ही नवी प्रणाली विनामूल्य मिळते. यंत्र मंद झाले होते ते त्यातील जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. आम्ही आधी टॅलीचा संपूर्ण बॅकअप दोन वेगवेगळ्या ठिकाणी घेतला, मग एसएसडी बसवली आणि रॅमच्या रिकाम्या खाचेत आणखी ८ जीबीची पट्टी टाकली. काही हजारांत काम भागले. सकाळी चहा होईपर्यंत सुरू न होणारा संगणक आता दिवा लावून होण्याच्या आत तयार असतो. हे बिल मात्र फर्मच्या नावावर झाले आणि त्यावरचे क्रेडिट आम्ही निःसंकोच घेतले, कारण ते आमच्या हक्काचे होते. २०१९ साली कोणीतरी एक खाच रिकामी असलेले यंत्र निवडले होते, त्याचे फळ सहा वर्षांनी मिळाले.

एक सावधगिरीही सांगतो. रिकामी खाच म्हणजे भावाची हमी नव्हे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे जगभर मेमरीचे भाव चढले. नातीची दुसरी पट्टी आम्ही लॅपटॉप घेतला त्याच आठवड्यात घेतली होती, म्हणून त्या भाववाढीतून सुटलो. ती दूरदृष्टी नव्हती, योगायोग होता. गरज निश्चित असेल तर पट्टी खरेदीबरोबरच घ्यावी.

आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण त्यावरून दुकानदाराशी वाद झालेले मी पाहिले आहेत. ५१२ जीबीची एसएसडी संगणकात ४७६ जीबीच दिसते. ही तूट नव्हे, मापाचा फरक आहे. बनवणारी कंपनी दशमान पद्धतीने मोजते, विंडोज दोनाच्या पटीने मोजते. आपल्याकडे कपाशीचा भाव क्विंटलवर होतो आणि रुईचा ३५६ किलोंच्या खंडीवर. एक क्विंटल आणि एक खंडी यांचे आकडे कोणी समोरासमोर ठेवून भांडत नाही. तसेच हे.

ज्यांना दुकानासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे, त्यांनी बिलावर फर्मचा जीएसटी क्रमांक अवश्य घालून घ्यावा. आयकराच्या हिशेबात संगणकावर घसारा ४० टक्के दराने मिळतो. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला असेल तर त्याच्या निम्मा. ज्या कराचे क्रेडिट घेतले, त्या रकमेवर पुन्हा घसारा धरता येत नाही. हे सारे लाभ कायद्याने दिलेले आहेत आणि ते पूर्ण घ्यावेत. यंत्र खरोखर ज्याचे, बिल त्याचे असावे, एवढीच अट आहे.

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात असे मी आता सर्वांना सांगतो. हे यंत्र कोण, कोणत्या कामासाठी आणि किती वर्षे वापरणार? ते कोणत्या हवेत राहणार, एखाद्या थंड खोलीत की रुई उडणाऱ्या आवारात? आणि समोरच्या दोन यंत्रांतील कोणते फरक पुढे बदलता येणार नाहीत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे घरात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर खोक्यावर नसते. ते कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावे लागते, आणि शोधण्याचे काम घरातील ज्या मुलाला किंवा मुलीला यंत्र वापरायचे आहे त्यांच्याकडेच द्यावे. तिन्ही उत्तरे देऊनही दोन यंत्रे बरोबरीची राहिली, तर स्वस्त घ्यावे आणि पुन्हा त्याचा विचार करू नये. ज्यांच्यात कायमचा फरकच नाही, त्यांच्यातून निवडताना घालवलेला वेळ हा तोट्याचाच सौदा असतो.

नात आता नागपुरात आहे. तिचा लॅपटॉप उन्हाळ्यात तापतो, पंखा आवाज करतो आणि चार्जर बरोबर बाळगावा लागतो, अशी तिची तक्रार असते. ती आम्ही घेतानाच मान्य केलेली होती. दुकानाची विवरणपत्रे चिरंजीव स्वतः भरायला शिकले आहेत. सुरुवातीला दोनदा त्यांनी तिला फोन करून अडचण विचारली. तिने सांगितली आणि म्हणाली, “पप्पा, पुढच्या वेळी तुम्हीच पाहा.” तिसऱ्या महिन्यात फोन झाला नाही.